पायवाट आपल्याच दारातून निघते

रविवारची मिस्सा आटोपली की चर्चच्या अंगणात चहाचे पेले हाती घेऊन आपली माणसे घटकाभर रेंगाळतात. मुलांच्या परीक्षा, पोरीबाळींची लग्ने, उसाला मिळालेला भाव हे तिथले जुने विषय. अलीकडे त्यांत एका नव्या विषयाची भर पडली आहे. पुण्या-मुंबईत किंवा आखातात नोकरीला स्थिरावलेली मुले सुटीत घरी येतात ती रंगीत माहितीपत्रके घेऊन. यंदा चालायला कुठे जायचे? स्पेनमधल्या संत याकोबाच्या वाटेवर, की स्वित्झर्लंडच्या कुरणांतून? नेपाळ, की जपान? सहा-सहा महिने आधी खोल्या राखून ठेवायच्या, बूट कोणते घ्यायचे, पाठीवर किती ओझे घ्यायचे, कोणत्या आठवड्यात तिथे कोणती फुले फुलतात याची बारीक टिपणे केलेली असतात. आईवडील कौतुकाने ऐकत असतात आणि त्यांचे कौतुक रास्तच आहे.

अशाच एका मंडळीत आम्ही सहज विचारले, "तुमच्यापैकी सुप्याच्या अभयारण्यात पायी कोण कोण गेले आहे?" कोणीच नाही. "नीरा आणि भीमा कुठे मिळतात, ते कोणी पाहिले आहे?" दोन वृद्धांनी मान हलवली. "आणि पालखीबरोबर एक टप्पा तरी कोणी चालले आहे?" त्यावर थोडी चुळबुळ झाली. अखेर एक गृहस्थ, सुशिक्षित आणि मनाने चांगले, हसून म्हणाले, "अहो, इथे चालण्यासारखे आहे काय? नुसता माळ!"

हे उत्तर आम्हांला खुपले. ते एका माणसाचे नव्हते, आपणा सर्वांचे होते, म्हणून अधिकच खुपले. आजचे हे लेखन त्या उत्तराविरुद्ध आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. परदेशी जाण्याला आमचा विरोध नाही. जग पाहावे, दूरदूरच्या वाटा तुडवाव्यात, पैसा असेल तर अवश्य जावे. पायी यात्रा ही तर ख्रिस्तसभेची जुनी ठेव आहे. लोयोलाचे संत इग्नाती आत्मकथनात स्वतःचा उल्लेख 'यात्रेकरू' असाच करतात. प्रेषितांच्या काळी ख्रिस्तानुयायांच्या पंथाला 'मार्ग' असेच नाव होते. आमची तक्रार निराळी आहे. दूरची वाट निवडताना जी काळजी, जी जिज्ञासा, जी नम्रता आपण दाखवतो, तिचा शतांशही आपल्या पायांखालच्या भूमीच्या वाट्याला येत नाही. आणि जी भूमी कोणी चालत नाही, तिच्यावर काय घडते आहे हेही कोणी पाहत नाही. यात केवळ आळस नाही. यात दोष आहे, आणि तो दोष आपल्या पदरी आहे.

ज्या वाटेची आज सर्वत्र इतकी चर्चा होते ती संत याकोबाची वाटच घ्या. फ्रान्सच्या सीमेवरच्या सॅं-जां-प्ये-द-पोर या गावापासून सांतियागोपर्यंत ती सुमारे ७८० किलोमीटर आहे. किमान १०० किलोमीटर पायी किंवा २०० किलोमीटर सायकलने गेलेल्या यात्रेकरूला तिथे प्रमाणपत्र मिळते, आणि २०२४ साली अशी जवळजवळ पाच लाख प्रमाणपत्रे दिली गेली. हा सोहळा मध्ययुगापासून असाच अखंड चालत आला असेल असे आपल्याला वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास ती वाट जवळजवळ विसरली गेली होती. तिला पुन्हा जाग आणली ती प्रामुख्याने ओ सेब्रेइरो नावाच्या डोंगरी खेड्याच्या धर्मगुरूंनी. फादर एलियास बालिन्या हे त्यांचे नाव. त्यांनी त्या वाटेचा इतिहास अभ्यासला, जुन्या खुणा शोधल्या आणि १९८० नंतरच्या वर्षांत पिवळा रंग घेऊन झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण रंगवीत ते निघाले. १९८९ साली ते वारले. त्यांच्या हयातीतच, १९८७ साली, युरोप परिषदेने त्या वाटेला सांस्कृतिक मार्गाचा पहिला मान दिला, आणि १९९३ साली स्पेनमधील ती वाट जागतिक वारशाच्या यादीत गेली.

आता विचार करा. ज्या वाटेवर आपली मुले इतके पैसे खर्चून जाऊ पाहतात, ती वाट एका लहानशा धर्मग्रामाच्या धर्मगुरूने आपल्या दारातून जाणारी वाट मोलाची मानली, म्हणून आज जिवंत आहे. त्यांनीही 'इथे चालण्यासारखे आहे काय?' असे म्हटले असते तर?

याहून जवळचा दाखला हवा असेल तर तो प्रत्येक चर्चच्या भिंतीवर टांगलेला आहे. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने! जेरुसलेमला जाऊन प्रभूच्या दुःखसहनाच्या मार्गाने चालावे ही ओढ प्रत्येक श्रद्धावंताला होती. पण शेतात राबणारा, हातावर पोट असणारा माणूस तिथवर कसा जाणार? तेव्हा फ्रान्सिस्कन संन्याशांनी ती भक्ती गावोगाव रुजवली, आणि जेरुसलेमची वाटच खेड्यातल्या चर्चमध्ये आली. दूरचे पवित्र स्थळ जवळच्या मातीत ओळखायला शिकवणे ही ख्रिस्तसभेची रीत आहे. प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी आपण ती रीत पाळतो, आणि अंगणात येऊन म्हणतो, "इथे काय आहे? नुसता माळ!"

तर मग इथे काय आहे, ते सांगतो.

बारामती आणि इंदापूर हे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले तालुके. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कालव्याचे पाणी जिथे पोचले तिथे ऊस उभा राहिला आणि जिथे पोचले नाही तिथे माळ राहिला. आपण उसाच्या बाजूने गाडीतून जातो, म्हणून माळ आपल्याला दिसत नाही. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. १९९७ साली ते घोषित झाले. तिथले मुख्य रहिवासी म्हणजे चिंकारा हरणे. गवत-पाल्यातूनच बरीचशी ओल मिळवून, कमीत कमी पाण्यावर जगणारा हा प्राणी दुष्काळी भागाला देवाने दिलेला धडाच आहे. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे. तिथे चिंकाऱ्यांबरोबर लांडगा, खोकड आणि तरस नांदतात. धाविक नावाचा पक्षी उंच पायांवर तुरुतुरु धावतो, थांबतो, पुन्हा धावतो. त्याला पाहण्यासाठी लांबून छायाचित्रकार येतात. पुणे वनविभागाने २०२४ साली कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ माळांची सफारी सुरू केली. सरकारला जे दिसले ते आपल्याला अजून दिसत नाही, ही गोष्ट आपल्याला भूषणावह नाही.

इंदापूरच्या उत्तर अंगाला भीमा आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पात्र सागरासारखे फुगले. त्याला यशवंतसागर म्हणतात. कैक गावे उठली, शेते बुडाली. पळसदेवचे जुने देऊळ पाण्याखाली गेले, ते पाणी ओसरले की अजूनही वर डोकावते. त्या विस्थापितांचे दुःख विसरून कोणी त्या जलाशयाच्या सौंदर्याचे गोडवे गाऊ नयेत. पण हेही खरे की त्याच उथळ पाण्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठांना हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. मध्य आशियातून हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. जगभरच्या वाटांचे नियोजन करणाऱ्या आमच्या तरुणांनी या हंसांकडे जरूर पाहावे. हजारो कोसांवरून तो पक्षी इंदापूर तालुक्याची निवड करून येतो, आणि इंदापूर तालुक्यात जन्मलेला माणूस त्याला पाहायला दोन कोस चालत नाही!

दक्षिणेला नीरा. इंदापूर तालुक्याच्या अगदी टोकाला, जिथे पुणे जिल्हाच संपतो, तिथे नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. बारामतीत कऱ्हेच्या काठी मोरोपंतांनी आपले आयुष्य वेचले. आर्या लिहिणाऱ्या त्या पंडिताचे गाव म्हणून तरी मराठी साहित्यावर प्रेम करणाऱ्या या त्रैमासिकाच्या वाचकांनी नदीकाठाने एक फेरी मारायला हवी. आणि या सगळ्या भूमीवरून आजही चालणारी माणसे म्हणजे आपले मेंढपाळ. पाऊस सरला की बिऱ्हाड घोड्यांवर लादून, लहानग्यांना वर बसवून, मेंढरांमागे शेकडो किलोमीटर चालत कोकणाकडे उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर माघारी यायचे, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. चारा कुठे, पाणी कुठे, रात्री कोणाच्या शेतात बसायचे, हे सारे त्यांच्या डोक्यात नोंदलेले असते. चालण्याचे नियोजन म्हणजे काय हे ज्याला शिकायचे असेल त्याने प्रथम त्यांच्यापाशी शिकावे.

आता आमच्यावरच्या आक्षेपांकडे वळू.

पहिला आक्षेप असा की माळ हा ओसाड, पडीक, उजाड असतो; त्यात सौंदर्य कसले? हा शब्दच सगळ्या अनर्थाचे मूळ आहे. सरकारी नकाशांत अशा कितीतरी माळांची नोंद पडीक जमीन म्हणून झाली, आणि एकदा पडीक म्हटले की तिथे काहीही करायला मोकळीक मिळते. कारखाना काढा, खाण खणा, राडारोडा टाका, नांगर घाला. कोणी हरकत घेत नाही. मूळचे जंगल तुटून हे माळ झाले असा एक समजही खोलवर रुजला आहे. २०२५ साली आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी साधन म्हणून वापरले ते आपले जुने मराठी वाङ्मय! संतांच्या कथा, ओव्या, लोकगीते यांत आलेली झाडाझुडपांची आणि गवताची वर्णने एकत्र करून त्यांनी दाखवले की पश्चिम महाराष्ट्रातील हे काटेरी, गवताळ माळ किमान साडेसातशे वर्षे तरी असेच आहेत. म्हणजे ज्ञानदेवांच्या काळीही ते माळच होते. निर्मात्याने त्यांना माळ म्हणूनच घडवले, आणि आपण त्यांना बिघडलेले जंगल समजत राहिलो.

इथे आम्हांला आमच्या स्वतःच्या चुकीची कबुली दिली पाहिजे. पोप फ्रान्सिस यांचे 'लाऊदातो सी' हे परिपत्रक २०१५ साली आले. आपल्या सामायिक घराची निगा राखण्याची ती हाक ऐकून आम्हीही भारावलो. युवकांना गोळा केले, एका गावाबाहेरचा माळ निवडला आणि पहारींनी खड्डे खणून तिथे रोपे लावली. बरीचशी गिरीपुष्पाची, कारण ती स्वस्त मिळाली आणि लवकर वाढतात असे ऐकले होते. प्रार्थना झाली, छायाचित्रे निघाली. एक म्हातारे मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकवून हे सारे पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "दादा, झाडं लावताय ते ब्येस हाय. पर मेंढरांनी खायाचं काय?" आम्ही हसलो. त्यांना पर्यावरण कळत नाही असे आम्हांला वाटले. पुढच्या उन्हाळ्यात निम्मी रोपे जळाली. जी जगली त्यांच्या सावलीत पाच-सहा वर्षांत गवत मेले, आणि गवताबरोबर तिथले चंडोलही गेले. मध्य अमेरिकेतून आलेले ते झाड आम्ही मोठ्या भक्तिभावाने एका जित्या माळाच्या छातीवर लावले होते. पर्यावरण त्या म्हाताऱ्यांना कळत होते. आम्हांला कळत नव्हते. आम्ही त्या माळावरून आधी एक वर्ष चाललो असतो, त्याचे श्रावणातले हिरवे रूप आणि मार्गशीर्षातले सोनेरी रूप पाहिले असते, तर तिथे पहार घालण्याचे धाडस आम्हांला झाले नसते.

म्हणून आम्ही कळकळीने सांगतो : झाडे जरूर लावा, गावात, बांधावर, शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला लावा, आणि ती वड, लिंब, चिंच अशी आपली लावा. पण गवताचा माळ गवताला राहू द्या. निर्मितीची सेवा करायची तर आधी निर्मिती पाहावी लागते, आणि पाहण्यासाठी तिच्यातून पायी जावे लागते.

दुसरा आक्षेप नाजूक आहे, म्हणून तो दबक्या आवाजात घेतला जातो. "पालखीचा मार्ग आपला नाही. ती त्यांची यात्रा." ज्या वाटेवरून आषाढात लाखो पावले आपल्या दारावरून जातात, तिच्याविषयी ख्रिस्ती कुटुंबाने काय भूमिका घ्यावी?

संत तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला असे मानतात. देहूहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरांच्या आसपासची ही वाट उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी आपल्या दोन्ही तालुक्यांतून जाते. काटेवाडीला परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीला अश्वाचे गोल रिंगण होते. सराटीला नीरेत पादुकांना स्नान घडते. यात लाखो माणसांचे जेवण, पाणी, मुक्काम, औषधे यांची जी व्यवस्था असते ती पाहिली की आपली रंगीत माहितीपत्रके पोरकट वाटू लागतात. कोणती दिंडी कोठे थांबणार, कोणत्या गावाने भाकरी द्यायची आणि कोणत्या गावाने पिठले, हे पिढ्यांपूर्वी ठरले आहे.

आपल्या श्रद्धेत भेसळ करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वारकऱ्याचे दैवत त्याचे, आपला प्रभू आपला. हे दोघांनाही ठाऊक आहे आणि त्यात कोणाचा अवमान नाही. परंतु १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही असे स्पष्ट सांगितले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत असत, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. आणि ज्या स्पेनच्या वाटेचे आपल्याला इतके अप्रूप, तिने काय केले पाहा. १९९८ साली गॅलिसिया प्रांताने जपानमधील कुमानो कोदो या वाटेशी भगिनीचे नाते जोडले. ती वाट शिंतो आणि बौद्ध यात्रेकरूंची. आज दोन्ही वाटा चाललेल्या यात्रेकरूचा दोन्हीकडे गौरव होतो. त्यामुळे संत याकोबाच्या कबरीचे पावित्र्य कमी झाल्याचे आम्ही तरी ऐकले नाही. सांतियागोला जे चालते ते सणसरला का चालू नये? दिंडीला पाणी द्यायला, पाय सुजलेल्या आजीबाईंना तेल लावायला, एक टप्पा मुकाट्याने बरोबर चालायला कोणत्या धर्मशास्त्राची आडकाठी आहे? अम्माऊसच्या वाटेवरचे ते दोघे शिष्य आठवा. सुमारे अकरा किलोमीटरांची ती चाल. वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाबरोबर ते चालत राहिले, बोलत राहिले, आणि मुक्कामावर भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडले. अनोळखी माणसाबरोबर चालण्याचे त्यांनी नाकारले असते, तर तो प्रसंग शुभवर्तमानात कधी आलाच नसता.

आणि ही वाट आपलीही आहे म्हटले की तिच्या सुखदुःखाची जबाबदारीही येते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची कोनशिला बसली. त्यांपैकी संत तुकाराम महाराज पालखी मार्ग पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे मुख्यतः आपल्याच भागातून जाणारा. दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पदपथ असतील असे तेव्हा जाहीर झाले. कल्पना स्तुत्य आहे, आणि भरधाव वाहनांपासून दिंड्यांचे रक्षण व्हायलाच हवे. परंतु रस्ता रुंद होताना कडेची जुनी झाडेही गेली. चालणाऱ्याला लागते काय? सावली, पाणी, बसायला पार, आडोसा आणि पायांना सोसेल अशी जमीन. ट्रकला सावली लागत नाही. आपल्या पर्जन्यछायेत आषाढातही पाऊस दडी मारतो आणि ऊन पाठ भाजते. तेव्हा उघड्या रस्त्याकडेचा पदपथ म्हणजे तापलेला तवा. लावलेल्या रोपांचे वड व्हायला दोन पिढ्या लागतील, आणि तोवर त्यांना पाणी कोण घालणार हा प्रश्न कोणीतरी दर उन्हाळ्यात विचारत राहिला पाहिजे. जो त्या रस्त्याने कधी पायी गेलाच नाही, त्याला हा प्रश्न सुचणार कुठून?

तिसरा आक्षेप : हे सारे ठीक, पण ख्रिस्ती समाज इथे मूठभर, आपण काय करू शकतो? याचे उत्तर वसईने दिले आहे. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई'च्या लढ्यात आपल्या भूमीसाठी सर्व धर्मांच्या लोकांना बरोबर घेतले, आणि त्याच माणसाला पुढे मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. बावखले आणि वाड्या ज्यांनी पायी पाहिल्या होत्या, त्यांनाच त्या वाचवाव्याशा वाटल्या. मूठभर असणे ही सबब मोहरीच्या दाण्याचा दाखला ऐकत मोठे झालेल्या समाजाला शोभत नाही.

एवढे बोलून आम्ही थांबलो तर हाही एक उपदेशच होईल. म्हणून धर्मग्रामांपुढे आणि कुटुंबांपुढे काही साध्या सूचना ठेवतो.

प्रत्येक धर्मग्रामाने वर्षातून चार चालण्याचे दिवस ठरवावेत. पावसाळा सरता सरता, गवत फुलोऱ्यावर असताना, एक दिवस माळाचा. पहाटे निघावे, दहाच्या आत परतावे. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीनेच जावे. कुत्रे बरोबर नसावे, आवाज नसावा. उन्हाळ्यात आणि पावसाच्या सुरुवातीला जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचे दिवस असतात, तेव्हा पायवाट सोडून गवतात शिरू नये. दुसरा दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीत, भिगवणच्या काठाचा. पुणे-सोलापूर लोहमार्गावर भिगवणला गाडी थांबते, तेव्हा स्वतःच्या गाडीचीही गरज नाही. तिथल्या मच्छीमार नावाड्यालाच वाटाड्या करावे, त्याचे मोल घासाघीस न करता द्यावे आणि पक्षी उडवण्यासाठी नाव जवळ नेण्याचा आग्रह धरू नये. धरणात ज्यांची गावे गेली, त्यांच्या मुलाबाळांच्या हाती त्या पाण्यातून चार पैसे पडू द्यावेत. तिसरा दिवस प्रायश्चित्तकाळातला : चौदा स्थाने एका दिवसाच्या वाटेवर मांडून, गावापासून नदीच्या संगमापर्यंत क्रुसाची वाट चालावी; ऊन चढण्याआधी संपवावी. आणि चौथा दिवस आषाढात, पालखीच्या एका टप्प्याचा, दिंडीवाल्यांना आधी भेटून, त्यांची शिस्त पाळून.

दर माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा पदर, पायांत जुने सरावाचे पायताण, पिशवीत भाकरी-चटणी आणि गूळ-शेंगदाणे. बाकी काही विकत घ्यावे लागत नाही. परत येताना प्रत्येकाने एक गोष्ट वहीत लिहावी : आज काय दिसले आणि गेल्या वर्षी दिसलेले काय आज दिसले नाही. दहा वर्षे अशी वही ठेवली तर ती त्या धर्मग्रामाची ठेव होईल, आणि ग्रामसभेत वा कचेरीत माळासाठी, झाडांसाठी, पदपथासाठी बोलायची वेळ आली तर आपल्या हाती काही असेल.

मुलांनो, तुम्ही स्पेनला जरूर जा. त्या पिवळ्या बाणांच्या मागे चाला, सांतियागोच्या महामंदिरात आमच्यासाठीही एक प्रार्थना करा. परंतु जाण्यापूर्वी एकदा पहाटे घरातून निघा आणि उसाचे शेवटचे शेत संपेपर्यंत चाला. तिथे माळ सुरू होतो. ऊन अजून कोवळे असेल, कुसळी गवतावर दव असेल आणि दूरवर एखादी चिंकारा मान वर करून तुमच्याकडे पाहत असेल. ती पळून जाण्यापूर्वी क्षणभर थांबा. मग परत येऊन आम्हांला सांगा, इथे चालण्यासारखे काय आहे ते.